विरारच्या पुढची वीज

विरार स्टेशनात उभं राहून वर पाहिलं तर आज चर्चगेटपासून डहाणूपर्यंत आणि पुढे गुजरातेतही एकाच जातीची वीज वाहणारी तार दिसते. कित्येक वर्षं तसं नव्हतं. चर्चगेटकडून येणाऱ्या तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि विरारच्या उत्तरेला, वैतरणेच्या बाजूला, २५,००० व्होल्टची एसी. रूळ तेच, डबे तेच, उतारू तेच. वीज तेवढी वेगळी. निव्वळ डीसीवर चालणारी लोकल विरारच्या पुढे जाऊच शकत नव्हती. लांबच्या गाड्यांसाठी १९७०च्या दशकात डब्ल्यूसीएएम-१ नावाची, दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली. दोन विजांच्या मधला तारेचा छोटा तुकडा विनाविजेचा ठेवलेला असे आणि त्याच्या आधी रुळांच्या कडेला सूचनेचे फलक असत. फलक पाहून ड्रायव्हर सर्किट ब्रेकर उघडायचा, गाडी नुसत्या वेगावर तेवढं अंतर कापायची आणि पलीकडे इंजिन दुसऱ्या विजेवर चालू व्हायचं. डब्यातल्या माणसाला याची गंधवार्ताही नसे. ५ फेब्रुवारी २०१२ रोजी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचं एसीत रूपांतर पूर्ण झालं आणि २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली. एवढा मोठा बदल झाला, आणि रोज गाडीत चौथी सीट मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाच्या लक्षात राहिली ती फक्त डहाणू लोकल.

माझं काम याच जातीचं आहे. ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम, बहुतेक वेळा लिनक्स, एका प्रोसेसरवरून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर न्यायची. आमच्या बोलीत, पोर्ट करायची. विरारमध्ये राहून हे काम करता येतं, कारण त्याला लागणारा सरंजाम जेवणाच्या टेबलावर मावतो: लॅपटॉप, तळहाताएवढा बोर्ड, तीन तारांची सिरियल केबल आणि सगळ्यांना खुला असलेला सोर्स कोड. या कामाबद्दलचा एक समज बाहेर पक्का आहे, काम देणाऱ्यांमध्येही आहे. नवी चिप आली, तिच्यावर सिस्टिम बूट झाली, लॉगिन दिसलं, संपलं. बरीच वर्षं यात घालवल्यावर माझं मत याच्या उलट झालं आहे. बूट होणं हा पोर्टमधला सर्वांत स्वस्त भाग. खरी कमाई पडते ती जुन्या सिस्टिमच्या पदरात. तिच्या पोटात काय काय गृहीत धरलेलं आहे, हे ती परक्या चिपवर गेल्यावाचून कुणालाच दिसत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. हे खरं असेल तर पोर्टिंगचा खर्च आपण चुकीच्या खात्यात मांडतो आहोत, आणि स्वदेशी चिपांच्या या दिवसांत ती चूक महागात पडेल.

आधी बूटचं श्रेय बूटला देऊ. लिनक्स कर्नलचा बहुतेक भाग सी भाषेत आहे. कंपायलर बदलला की तो नव्या चिपच्या भाषेत उतरतो. उरतो तो चिपशी थेट बोलणारा थर: इंटरप्ट आला की रजिस्टरं कुठे जपून ठेवायची, एका प्रोसेसवरून दुसरीवर कसं जायचं, मेमरीच्या पानांचे तक्ते कसे मांडायचे. कामाचा क्रम ठरलेला असतो. क्रॉस कंपायलर, मग बूटलोडर, मग सिरियल केबलवरून येणारं एक अक्षर. ते येईपर्यंत बोर्ड म्हणजे दगड. कुठे दुखतंय हे सांगायला त्याला तोंडच नसतं. म्हणून असेंब्लीत दर चार ओळींनी एकेक अक्षर पाठवायची सूचना पेरायची. ‘ए’ आला आणि ‘बी’ आला नाही, तर चूक त्या दोघांच्या मधे. सर्वांत नाजूक जागा मेमरी मॅनेजमेंट युनिट चालू करण्याची. त्या एका सूचनेच्या आधी प्रोसेसर खऱ्या पत्त्यांवर चालत असतो, नंतर आभासी पत्त्यांवर, त्यामुळे पुढची सूचना मघाच्या पत्त्यावर सापडेलच असं नाही. उपाय असा, की काही क्षणांपुरते दोन्ही पत्ते एकाच जागेला लावून ठेवायचे, नव्या पत्त्यावर उडी मारायची आणि मग जुना पुसून टाकायचा. घरांचे नंबर बदलले की काही दिवस दारावर जुनी-नवी अशा दोन्ही पाट्या ठेवतात, तसंच. हे कौशल्याचं काम आहे खरं, पण त्याच्या वाटा आता मळलेल्या आहेत. शिवाय इथली चूक प्रामाणिक असते. ती झाली की सिस्टिम उठतच नाही. भीती वाटावी ती उठलेल्या, चाललेल्या आणि मधूनच खोटं उत्तर देणाऱ्या सिस्टिमची.

ती खोटी उत्तरं येतात कुठून, हे समजायला ‘चोवीस’ हा शब्द पुरे. त्यात चार आधी येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र आपण २ आधी लिहितो आणि ४ नंतर. ‘एकशे चोवीस’ म्हणताना तर शतक आधी, मग एकक, मग दशक. म्हणजे बोलण्याचा क्रम १, ४, २. मराठी माणसाला यात काही वावगं वाटत नाही. फोनवर ऐकून आकडा टिपून घेणारा परभाषक ४२ लिहून मोकळा होतो, तेव्हा कुठे आपल्याला कळतं की इथे क्रमाचा काही प्रश्न होता. प्रोसेसरांचंही असंच. इंटेलच्या चिपा आकड्याचा लहान बाइट आधी ठेवतात, स्पार्क मोठा आधी ठेवते, आणि युनिक्स ज्या पीडीपी-११ वर वाढलं ते यंत्र ३२ बिटांचे आकडे आपल्या ‘एकशे चोवीस’सारखे, अर्धे असे आणि अर्धे तसे ठेवायचं. १९७७ च्या सुमाराला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ वर नेलं. त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात ते इंटरडेटा ७/३२ वर गेलं. बाइटांचा क्रम बदलला की ‘यू-एन-आय-एक्स’ ही अक्षरं जोडीजोडीने उलटून ‘एन-यू-एक्स-आय’ अशी उमटतात, आणि या दोषाला पुढे हेच नाव चिकटलं. पीडीपी-११ वर तो कोड बिनचूक चालत होता. दोष तिथेही होताच. त्याला विरोध करणारं यंत्र तेवढं भेटलं नव्हतं.

क्रमाचा दोष निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून हलके दोष असतात. सी भाषेत एक बाइटाचा साधा प्रकार आहे, कॅरेक्टर. त्याला उणे आकडे धरता येतात की नाही, हे भाषेने ठरवलेलंच नाही. इंटेलवर तो उणे एक धरतो. एआरएमवर लिनक्समध्ये तोच बाइट २५५ होतो. फाइल संपली की उणे एक मिळतं म्हणून तिथे थांबणारी आवर्तनं अशा बाइटात उत्तर ठेवत असतील, तर इंटेलवर नीट थांबतात आणि एआरएमवर गाडी फिरतच राहते. हा घोळ इतका जुना आणि इतका चिवट, की २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ६.२ आवृत्तीपासून लिनक्स कर्नलने सगळ्याच चिपांवर हा प्रकार बिनउण्याचा करून टाकला. दुसरं उदाहरण मेमरीच्या क्रमाचं. एक कोअर आधी माहिती लिहितो, मग ‘तयार’ असा झेंडा वर करतो. इंटेलवर दुसऱ्या कोअरला या दोन गोष्टी त्याच क्रमाने दिसतात; एआरएमवर मधे अडसर घातला नाही तर झेंडा आधी दिसू शकतो आणि माहिती मागून. इंडिकेटरवर ‘चर्चगेट फास्ट’ लागलं म्हणून माणसं फलाटाच्या कडेला सरसावली आणि गाडी अजून कारशेडमध्येच, असा प्रकार. इंटेलवर दहा वर्षं धडधडीत चाललेला कोड इथे लाखातून एकदा चुकतो, आणि चुकल्यावर पुरावा ठेवत नाही. तिसरं उदाहरण पानाच्या आकाराचं. मेमरीचं पान चार केबीचंच असतं, हे इतक्या ठिकाणी गृहीत धरलेलं होतं की अँड्रॉइडने १६ केबीची पानं आणायचं ठरवल्यावर असंख्य अ‍ॅपवाल्यांना आपलं सामान पुन्हा बांधावं लागलं.

आता या सगळ्याचा लाभ कुणाला झाला, ते पाहू. इंटरडेटा ८/३२ आज कुणाला आठवत नाही. पण त्या पोर्टच्या गरजेतून जॉन्सनचा पोर्टेबल सी कंपायलर आला आणि ‘लिंट’ नावाचं अवजार आलं, कोड चालवण्याआधीच त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारं. आज कोणत्याही भाषेत काम करणारा प्रोग्रॅमर या ना त्या नावाचं लिंट वापरतो. १९९१ साली लिनक्स निघालं ते इंटेल ३८६ ला इतकं चिकटून, की ते दुसरीकडे नेता येणार नाही असं त्याचा कर्ता लिनस टॉरव्हाल्ड्‌स याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. मग त्याने स्वतःच ते ६४ बिटांच्या अल्फावर नेलं आणि मार्च १९९५ च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स यांना जागा मिळाली. अल्फा मेमरीच्या क्रमाबाबत सर्वांत लहरी चिप. तिच्यामुळे कर्नलला ६४ बिटांची शिस्त लागली आणि क्रमाचे अडसर नेमके कुठे घालायचे याचा विचार करणं भाग पडलं. अल्फा पुढे बाजारातून गेली. शिस्त राहिली, आणि घरोघरी फोनमध्ये अनेक कोअरांची एआरएम चिप आली तेव्हा ती कामाला आली. एआरएमच्या दुनियेत २०११ च्या सुमाराला प्रत्येक बोर्डासाठी वेगळी फाइल लिहिण्याचा जो पसारा माजला होता, त्यावरचा इलाज ‘डिव्हाइस ट्री’ हा स्पार्क आणि पॉवरपीसीच्या जुन्या फर्मवेअरमधून आला. एका घरातली सवय दुसऱ्या घरातल्या दुखण्याला औषध ठरली. ज्या यंत्रासाठी पोर्ट केला ते मेलं आणि पोर्टची कमाई जगली, हे इतक्या वेळा घडलं आहे की याला योगायोग म्हणता येत नाही.

आपल्याकडचा सर्वांत बोलका दाखला पुण्याचा आहे. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा राहिला तो इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर. मग १९९२ ला परम ८६०० मध्ये इंटेलची आय८६० आली, १९९४ ला परम ९००० मध्ये सुपरस्पार्क, १९९८ ला परम १०००० मध्ये अल्ट्रास्पार्क, पुढे परम पद्ममध्ये आयबीएमची पॉवर४ आणि २००८ ला परम युवामध्ये इंटेल झिऑन. सतरा वर्षांत चिपांची पाच कुळं. ट्रान्सप्युटरचं घराणं बुडालं, आय८६० थोड्याच वर्षांत विसरली गेली. यातली एकही गोष्ट पुण्याच्या हातात नव्हती. परमचं नाव निघालं की आपण चिपा मोजतो, वेग मोजतो, अमेरिकेने भारताला महासंगणक नाकारल्याची गोष्ट सांगतो. पण हवामानाचा किंवा द्रवांच्या प्रवाहाचा हिशेब करणारा प्रोग्रॅम या पाच घरांमधून सही-सलामत नेणं, ही त्या कहाणीतली तितकीच कठीण बाजू आहे आणि ती क्वचितच सांगितली जाते. चिप विकत घेता येते किंवा नाकारली जाते. एका चिपवरून दुसरीवर जाता येणं मात्र शिकावंच लागतं, आणि एकदा शिकलं की कुणाला काढून घेता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारं निष्काळजीपणाचं प्रायश्चित्त आहे. पहिल्यापासून नीट लिहा, म्हणजे पोर्ट करताना काही सापडणारच नाही. ऐकायला हे पटतं. पण गृहीत धरलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर ती गृहीत धरलेली असते. ‘एकशे चोवीस’मधली उडी व्याकरणाचं पुस्तक वाचून कळत नाही, परभाषकाला शिकवताना कळते. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी बांधताना हे ओळखलं होतं. इंटेलच्या नेहमीच्या चिपेवर सुरुवात केली तर तिच्या सवयी नकळत कोडात शिरतील, म्हणून त्यांनी काम आधी आय८६० वर, म्हणजे परम ८६०० च्याच चिपेवर, आणि मग मिप्सवर सुरू केलं. नेहमीच्या इंटेलवर ते नंतर आलं. नियमावली लिहून भागलं असतं तर एवढा उपद्व्याप कुणी केला नसता. विंडोजने पुढे मिप्स आणि अल्फा सोडून दिल्या, पण त्या सरावाची पुण्याई ६४ बिटांवर आणि नंतर एआरएमवर जाताना उपयोगी पडली. नीट लिहिण्याचा आग्रह हवाच. नीट लिहिलं आहे की नाही, याची परीक्षा मात्र दुसऱ्या चिपेवरच होते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. परकी चिप हवीच कशाला? इम्युलेटर आहे. क्यूईएमयूमध्ये लॅपटॉपवरच एआरएम उभी करा, रिस्क-फाइव्ह उभी करा, स्पार्क उभी करा आणि परीक्षा उरका. सुरुवातीचे महिने आम्ही तेच करतो; त्याच्यावाचून हे काम आज कुणी करणार नाही. पण इम्युलेटर चालतो आपल्याच इंटेलच्या अंगावर, आणि यजमानाच्या सवयी पाहुण्याला लागतात. इंटेलवर उभ्या केलेल्या खोट्या एआरएममध्ये मेमरीचा क्रम बहुधा इंटेलसारखाच नीट राहतो, म्हणून मघाचा झेंडा आणि माहितीचा दोष तिथे कधी तोंड दाखवत नाही. खऱ्या बोर्डावर बाहेरचं उपकरण प्रोसेसरला वळसा घालून थेट मेमरीत लिहितं आणि कॅशमध्ये शिळी प्रत पडून राहते, तेही इम्युलेटरमध्ये घडत नाही. बाइटांचा क्रम, पत्त्यांची लांबी, पानांचा आकार एवढं इम्युलेटर चोख तपासतो. काळ आणि क्रम यांच्याशी गाठ असलेलं दुखणं खऱ्या सिलिकॉनवरच उठतं. तालमीत कितीही घाम गाळला तरी लाल मातीत समोर दुसरा गडी लागतोच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्यातलं बरंच मी मान्य करतो. प्रत्येक नवी चिप म्हणजे कर्नल सांभाळणाऱ्यांच्या डोक्यावर कायमचा बोजा. मधल्या थरात एक बदल केला की तो प्रत्येक चिपेच्या कोडात निस्तरावा लागतो. वापरणारं कुणी नसलं तरी. म्हणूनच २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीतून एकदम आठ आर्किटेक्चरं काढून टाकली गेली, आणि इंटेलने मोठ्या थाटात आणलेल्या इटेनियमलाही ६.७ आवृत्तीत निरोप मिळाला. मग पोर्टचं एवढं कौतुक कशाला? उत्तर त्या यादीतच आहे. गेलेल्या आठ चिपांची बाजू घेऊन उभं राहायला पुरेसं कुणी उरलं नव्हतं. सांभाळणारा नसलेला पोर्ट परीक्षा घेतच नाही. तो नुसता कंपाइल होतो. ज्या बोर्डावर कुणी ताजा कर्नल चढवून पाहत नाही, त्या बोर्डाने कोणतंही गृहीत उघडं पाडलेलं नसतं. तेव्हा हा आक्षेप माझ्या म्हणण्याला खोडून काढत नाही, त्याला अट घालतो: परीक्षा चालू असेल तोवरच पोर्टची किंमत. पोर्टची संख्या वाढवण्यात मोठेपणा नाही. मेलेला पोर्ट काढून टाकणं ही उलट घराची स्वच्छता आहे, आणि ती करणाऱ्यांचा राग मानण्याचं कारण नाही.

या अटीचा अर्थ मुंबईतल्याच एका उदाहरणात नीट दिसतो. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅब्लेटची दुसरी आवृत्ती आली. तिच्यामागे आयआयटी मुंबई उभी होती. आत ऑलविनर कंपनीची ए१३ चिप, एआरएम घराण्यातली, ५१२ एमबी मेमरी आणि अँड्रॉइड ४. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करणाऱ्या आयआयटीतल्याच ‘फॉसी’ प्रकल्पाने याच टॅब्लेटवर ग्नू/लिनक्सही आणलं. विद्यार्थ्याच्या हाती स्वस्तातला पूर्ण संगणक यावा, हा हेतू नेमका होता. अशा टॅब्लेटचं दुबळेपण कर्नलमध्ये असतं. चिप बनवणारा आपला एक जुना, ठिगळं लावलेला कर्नल देतो. ती आवृत्ती मागे पडली की तिच्यावर बांधलेलं सगळं तिच्याबरोबर मागे पडतं. त्याच काळात जगभरच्या काही उद्योगी लोकांनी ए१३ आणि तिच्या भावंडांचा कोड धुऊन-पुसून मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे मेनलाइनमध्ये, घालायला घेतला आणि २०१३ च्या सुरुवातीच्या ३.८ आवृत्तीत त्याची पहिली खेप गेली. आकाश आज कुणाच्या हातात दिसत नाही. ए१३ मात्र ताज्या कर्नलमध्ये अजून नांदते आहे. वेगळी चूल मांडलेला कर्नल उपकरणाच्या आयुष्याएवढाच जगतो. मेनलाइनमध्ये गेलेला पोर्ट उपकरण गेल्यावरही शिकवत राहतो, कारण तिथे दर आवृत्तीला त्याची झडती होते.

आता स्वदेशी चिपांकडे वळू. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘अजित’ प्रोसेसर २०१९ मध्ये जगासमोर आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने तो बनला. त्याची भाषा स्पार्क-व्ही८. ही निवड मला शहाणपणाची वाटते. नवी भाषा शोधली असती तर कंपायलरपासून सगळं मुळातून लिहावं लागलं असतं. स्पार्कसाठी जीसीसी कंपायलर आणि लिनक्स दोन्ही पवईत चिप येण्याच्या कितीतरी आधीपासून तयार होते. युरोपीय अवकाश संस्थेच्या उपग्रहांतले लिऑन प्रोसेसरही हीच भाषा बोलतात. पण स्पार्कच्या ३२ बिटांची बाजू जपणारे हात जगात कमी होत चालले आहेत. डेबियन या लिनक्स वितरणाने तर २०१५ मध्येच स्पार्कचा अधिकृत पोर्ट सोडला. दुसऱ्या बाजूला मद्रास आयआयटीची ‘शक्ती’ आणि तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकची ‘वेगा’ रिस्क-फाइव्हवर आहेत, आणि एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकारने ‘डीआयआर-व्ही’ कार्यक्रमाद्वारे त्याच भाषेला बळ दिलं आहे. तिची चाल उलट दिशेची आहे. लिनक्समध्ये रिस्क-फाइव्ह जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत आली आणि डेबियनमध्ये ती अधिकृत झाली ऑगस्ट २०२५ च्या १३व्या आवृत्तीत. कर्नलचा दरवाजा उघडल्यापासून हजारो पॅकेजांचं घर लागेपर्यंत सात वर्षं गेली, तीही जगातल्या बड्या कंपन्या हात लावत असताना. बूट आणि पोर्ट यांच्यातलं अंतर कुणाला मोजून हवं असेल, तर ते हे.

म्हणून स्वदेशी चिपेसाठी माझं म्हणणं रोकडं आहे. चिपेच्या खर्चात पोर्ट सांभाळणाऱ्या दोन-तीन माणसांचा पगार पहिल्या दिवसापासून धरावा, आणि तो चिप जाहीर झाल्यानंतरच्या दहा वर्षांचा धरावा. त्यांचं काम बूट करून दाखवण्याने संपू नये. आपला कोड मेनलाइनमध्ये नेणं, दर आवृत्तीला खऱ्या बोर्डावर चाचणी करणं आणि त्यात सापडलेले दोष मूळ प्रकल्पांना पॅचच्या रूपात परत देणं, यावर त्यांची पारख व्हावी. यावर कुणी म्हणेल, की आपल्या पैशाने जगाच्या सॉफ्टवेअरची डागडुजी कशाला? कारण आपण जगाच्याच डागडुजीवर उभे आहोत. अजितला तयार कंपायलर मिळाला तो अशाच कुणाच्या तरी चिकाटीमुळे. आणि परत देण्यात निव्वळ उपकार नाही. आपण दिलेला पॅच मेनलाइनमध्ये गेला की पुढे मधला थर बदलणाऱ्याला आपली चिप विचारात घ्यावी लागते. न दिलेला पॅच दर आवृत्तीला आपणच पुन्हा लावत बसायचा. या धंद्यातली उपेक्षा मला वर्षानुवर्षं दिसत आली आहे. बूटच्या दिवशी पेढे वाटले जातात, फोटो निघतात, आणि पुढच्या सहा महिन्यांत सापडलेल्या चाळीस दोषांची नोंद ‘उशीर’ या रकान्यात होते. ज्या कामाची कमाई उशिराच्या रकान्यात जाते, त्या कामात हुशार मुलं का थांबतील?

एक शंका उरते: दोन्ही जातींवर चालणारं काहीही थोडं जड होतंच. डब्ल्यूसीएएम-१ इंजिन दोन विजांचं सामान वाहायचं आणि डीसीवर त्याची ताकद एसीपेक्षा कमी भरायची. अनेक चिपांवर चालणाऱ्या कर्नलमध्येही असे थर असतात आणि एकाच चिपेसाठी घासून लिहिलेला कोड कधी कधी त्याला मागे टाकतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या जड इंजिनांमुळे आणि नंतरच्या दुहेरी विजेच्या लोकलांमुळेच डीसीचा पट्टा टप्प्याटप्प्याने बदलता आला. गाडी एक दिवसही बंद ठेवणं या शहराला परवडलं नसतं. आज विरारच्या उत्तरेला वीज बदलत नाही आणि ते फलकही लागत नाहीत. तिथे फलक होते कारण रेल्वेला नेमकं ठाऊक होतं की एक गृहीत इथे संपतं आणि दुसरं सुरू होतं. कोडात अशी जागा कुणालाच ठाऊक नसते. कोड पहिल्यांदा परक्या विजेखाली जातो, आपटतो, आणि त्यानंतर तिथे एखादा मेमरीचा अडसर, बाइट उलटवणारं एखादं फंक्शन, एखादी दोन ओळींची टीप लिहिली जाते. पुढे तिथून जाणारा दुसराच कुणी असतो आणि त्याची चिपही वेगळी असते. त्याला फलक मिळतो.